हरलेला कौल मानला अन् पुन्हा मुख्यमंत्री झाले : भाऊसाहेब बांदोडकर

नाशिक : ग्रामपंचायतीचा निकाल लागतो. कुणी पाच मतांनी पडतं, कुणी एका मतानं. मग पारावर, चहाच्या टपरीवर अन् गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा रंगते. फेरमोजणी मागायची का? कोर्टात जायचं का? का गप बसून पाच वर्षं काढायची? निफाड असो नाहीतर कळवण, सिन्नर असो नाहीतर सटाणा, थोडक्यात हरलेल्या माणसाची पहिली रात्र सगळीकडे सारखीच असते.

हाच प्रश्न एका मुख्यमंत्र्यापुढं एकदा उभा राहिला होता, अन् तोही एका गावापुरता नाही, अख्ख्या प्रदेशासाठी. ज्या मागणीसाठी त्यांनी पक्ष काढला, ज्या मागणीवर निवडणूक जिंकली, तीच मागणी लोकांनी मतदान करून नाकारली. त्या मुख्यमंत्र्यांचं नाव दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोव्यात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. गोव्याचे ते पहिले मुख्यमंत्री.

पेडण्याचा मुलगा

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, गोव्यातल्या पेडण्याचा. पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. तेरेखोलची खाडी ओलांडली की आपला सिंधुदुर्ग लागतो. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घर गोमंतक मराठा समाजातलं. या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मानाची वागणूक मिळालेली नव्हती. देवळात सेवा करायची, पण पंगतीत मागं बसायचं, असा तो काळ.

भाऊसाहेब पुढं धंद्यात पडले अन् लोखंडाच्या खाणींचे मालक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोखंडाला परदेशात, विशेषतः जपानकडून, मोठी मागणी आली. त्या काळात अनेक खाणमालक उभे राहिले, त्यांत हेही. पैसा आला, पण हात आखडता राहिला नाही. शाळांना, गरजू मुलांना, देवळांना, खेळांना त्यांनी मदत केली. क्रिकेट, फुटबॉल अन् शिकारीचा त्यांना नाद होता. राजकारणात येण्याआधीच हा माणूस दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही, असं नाव झालेलं होतं.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. गोवा, दमण अन् दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. म्हणजे कारभार दिल्लीच्या हाती. अन् लगेच प्रश्न उभा राहिला, आता गोव्याचं पुढं काय?

विलीनीकरण का हवं होतं?

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालेलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धग अजून ताजी होती. मराठी बोलणारा, मराठीत शिकणारा, मराठीत भजन-कीर्तन करणारा गोवाही महाराष्ट्रात यावा, असं इथं अनेकांना वाटत होतं. गोव्यातही तसं वाटणारा मोठा वर्ग होता.

पण नुसता भाषेचा मामला नव्हता, जमिनीचाही होता. गोव्यात जमिनीचा मालक म्हणजे भाटकार अन् त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराच्या डोक्यावरचं छप्परसुद्धा भाटकाराच्या मर्जीवर. शेत कसणाऱ्या कुळाचंही तसंच. इकडं महाराष्ट्रात १९४८ चा कूळकायदा होता. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कुळांना जमिनीचे मालक करण्याचं काम सुरू होतं. आपल्याकडं अनेक घरांचा सातबारा त्याच कायद्यानं फिरला. गोव्यातल्या कुळाला वाटायचं, आपण महाराष्ट्रात गेलो तर हाच कायदा आपल्यालाही लागू होईल. बहुजन समाजातल्या गरीब माणसाला विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या हातातून सुटायची वाट वाटत होती.

दुसऱ्या बाजूची भीतीही खोटी नव्हती. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात गोवा म्हणजे एक छोटा जिल्हा होऊन बसेल. कोकणीला मराठीची बोली म्हणून बाजूला सारतील. नोकऱ्या बाहेरचे घेतील. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, मग काजू-माडाच्या दारूवर पोट असणाऱ्यांचं काय? ख्रिस्ती समाजाला आपण अगदीच थोडे उरू असं वाटत होतं. कोकणीवर प्रेम करणारे अनेक हिंदूही विलीनीकरणाच्या विरोधात होते.

१९६३ ची निवडणूक

भाऊसाहेबांनी १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला. लोक त्याला थोडक्यात मगो म्हणत. निशाणी सिंह. नावातच मागणी होती. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा राहिला. त्यांची मागणी उलटी, गोवा वेगळाच राहिला पाहिजे.

९ डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक झाली. एकूण जागा ३०. मगोला १४, युनायटेड गोवन्सला १२. देशावर राज्य करणाऱ्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मित्रांच्या मदतीनं मगोचं बहुमत झालं अन् २० डिसेंबरला भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. ते स्वतः या निवडणुकीत उभे नव्हते. पुढं मडकईतून पोटनिवडणुकीत निवडून आले.

पक्षातल्या अनेकांना वाटलं, झालं, कौल मिळाला. विलीनीकरणाच्या नावावर मतं मागितली, लोकांनी दिली, आता उशीर कशाला? जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला. मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही तसाच ठराव केला. तिकडं म्हैसूर राज्य, म्हणजे आजचं कर्नाटक, याला ते मान्य नव्हतं.

विरोधकांचं म्हणणं वेगळं. आमदार निवडताना माणूस दहा गोष्टी पाहतो. उमेदवार कोण, जात कोणती, काम कुणी केलं. तेव्हा प्रदेशाचं कायमचं भवितव्य आमदारांच्या हात वर करण्यावर ठरवू नका, सरळ लोकांना विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हीच बाजू लावून धरली. अखेर इंदिरा गांधींच्या सरकारनं ते मानलं. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला.

खुर्ची सोडली, मग मतदान

इथं नियमांवरून बरंच भांडण झालं, अन् ते मतदानाच्या आधी झालं हे महत्त्वाचं.

पहिला वाद, मुख्यमंत्रीच विलीनीकरणवाले, मग मतदान सरळ कसं होणार? सरकारनं बाजूला व्हावं, अशी विरोधकांची मागणी होती. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळानं डिसेंबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला अन् राष्ट्रपती राजवट लागली. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं मतदानाच्या तोंडावर ती सोडणं सोपं नसतं. आपल्याकडं साध्या सोसायटीच्या निवडणुकीत कुणी रजिस्टर हातातून सोडत नाही.

दुसरा वाद, मत कुणाचं धरायचं? हजारो गोवेकर पोटापाण्यासाठी मुंबईत होते. त्यांना मत मिळालं नाही. गोव्यातल्या यादीत ज्यांचं नाव, त्यांचंच मत धरलं.

तिसरा वाद, पर्याय कोणते? पुढ्यात फक्त दोन ठेवले. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. गोव्याचं स्वतंत्र पूर्ण राज्य हा पर्याय यादीत नव्हताच.

चौथी गोष्ट मोजमापाची. साध्या बहुमतानं निकाल लागणार होता. म्हणजे ज्याला जास्त मतं, तो जिंकला. आपल्याकडं दारूबंदीसाठी बायकांचं उभी बाटली-आडवी बाटली मतदान होतं, तिथं नियम वेगळा आहे. तिथं यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसतं झालेल्या मतदानात पुढं असून भागत नाही. गोव्यात तशी अट नव्हती.

नाशिककरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. हे सगळं घडलं तेव्हा देशाचे गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, अन् तेव्हा ते नाशिकचेच खासदार होते. चीनच्या युद्धावेळी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले अन् १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं त्यांना बिनविरोध निवडून दिलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये गृहखातं त्यांच्याकडं आलं. म्हणजे महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री गृहमंत्री, गोव्यातला मुख्यमंत्री महाराष्ट्रवादी, अन् मतदान गोवा महाराष्ट्रात घ्यायचं का यावर. इकडच्या लोकांना निकाल ठरल्यासारखाच वाटावा, अशी सगळी मांडणी होती.

१६ जानेवारी १९६७

दोन्ही बाजूंनी प्रचार जिवाच्या आकांतानं केला. महाराष्ट्रातून पुढारी गेले, सभा झाल्या. विलीनीकरणाच्या बाजूनं गोमंतक हे मराठी दैनिक होतं. विरोधात राष्ट्रमत, अन् तेही मराठीच. मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतूनच विलीनीकरणाच्या विरोधात समजावून सांगणं, हे काम राष्ट्रमतनं केलं. उल्हास बुयांव यांनी कोकणी गाण्यांतून गावं जागवली.

१६ जानेवारी १९६७, सोमवार. यादीत सुमारे ३ लाख ८८ हजार मतदार. त्यांतल्या ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मतदान केलं, म्हणजे जवळपास ८२ टक्के.

मोजणी झाली. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१. फुलाला १ लाख ३८ हजार १७०. बाद मतं ७ हजार २७२. फरक ३४ हजार २१ मतांचा.

विलीनीकरण हरलं.

नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागात फुलाचा जोर होता. जुन्या काबिजादीत, सासष्टी, बार्देस, तिसवाडीकडं दोन पानांचा. पण हा नुसता धर्माचा हिशेब नव्हता. ख्रिस्ती समाज लोकसंख्येत निम्म्यापेक्षा बराच कमी होता. दोन पानांना ग्राह्य मतांतली ५५ टक्के मतं पडली, ती हजारो हिंदूंच्या मतांशिवाय पडूच शकत नव्हती.

आव्हान द्यायला जागा होती का?

होती, अन् बरीच होती. मनात आणलं असतं तर भाऊसाहेबांकडं मुद्द्यांची कमी नव्हती.

पहिला मुद्दा, फरक. ३४ हजार मोठा आकडा वाटतो. पण एकाचं मत दुसरीकडं गेलं की फरक दोनानं बदलतो. १७ हजार ११ माणसांनी पानांऐवजी फूल निवडलं असतं, तर निकाल उलटा लागला असता. म्हणजे ग्राह्य मतांतल्या दर १०० माणसांमागं साडेपाच माणसं.

दुसरा मुद्दा, निम्म्या मतदारांचा. दोन पानांची मतं एकूण यादीशी ताडून पाहिली तर ती ४४ टक्के भरतात. आडव्या बाटलीचा नियम लावला असता, तर दोन पानं जिंकली नसती. अर्थात फूलही जिंकलं नसतं, ते ३६ टक्क्यांच्या आत होतं.

तिसरा मुद्दा, आधीचा कौल. निवडून आलेल्या विधानसभेनं ठराव केलेला होता. तो कौल मोठा की हा?

चौथा मुद्दा, मुंबईतल्या गोवेकरांचा. त्यांना मत का नाही?

या प्रत्येक मुद्द्यात थोडंफार तथ्य आहे. पण एक मेख आहे. यातला एकही मुद्दा मोजणीनंतर कळलेला नव्हता. यादी कोणती, पर्याय किती, बहुमत कसलं, सरकार कुणाचं, हे सगळं १६ जानेवारीच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असून भाऊसाहेबांचा पक्ष मैदानात उतरला, प्रचार केला, मतं मागितली. फूल जिंकलं असतं तर हेच नियम त्यांना गोड लागले असते. मग हरल्यावर तेच नियम कडू कसे म्हणायचे?

भाऊसाहेबांनी निकाल मानला. पुन्हा मतदान घ्या म्हणून गोवा पेटवला नाही. दिल्लीनंही तो मानला अन् मुंबईनंही. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक होते. गोवा महाराष्ट्रात आला नाही याची हळहळ इकडं बरीच झाली, पण लोकांनी दिलेला कौल सरकारी ताकदीनं फिरवायचा प्रयत्न झाला नाही.

अडीच महिन्यांनी काय झालं

खरी गंमत पुढं आहे. २८ मार्च १९६७ ला गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. कौल हरलेला पक्ष आता संपला, असं विरोधकांना वाटायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात मगोला १६ जागा मिळाल्या, आधीपेक्षा दोन जास्त. युनायटेड गोवन्स पुन्हा १२ वरच. ५ एप्रिलला भाऊसाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

ज्या लोकांनी जानेवारीत त्यांची मागणी नाकारली, त्यांनीच मार्चमध्ये त्यांना खुर्ची कशी दिली? याचं एक साधं उत्तर आकड्यांत आहे. जनमत कौलात सगळ्या प्रदेशाची मतं एकाच ढिगात पडतात. विधानसभेत मतदारसंघ असतात. दोन पानांची मतं सासष्टीसारख्या काही भागांत भरभरून होती, तर मगोचा मतदार जास्त मतदारसंघांत पसरलेला होता. म्हणून एका मोजणीत हरलेला दुसऱ्या मोजणीत जिंकू शकतो.

पण तेवढ्यावर भागत नाही. जानेवारीच्या निकालावर रडत, लोकांना नावं ठेवत मार्चच्या प्रचाराला गेलं असतं, तर दारात कुणी उभं केलं असतं का? निकाल मानल्यामुळं एक झालं, विलीनीकरणाचा प्रश्न मतदाराच्या डोक्यावरून उतरला. मगोला मत दिलं तर गोवा महाराष्ट्रात जाईल ही भीती उरली नाही. मग लोकांनी शाळा, रस्ता, जमीन अन् माणूस पाहून मत दिलं. त्या हिशेबात भाऊसाहेब पुढं होते.

मागणी गेली, काम राहिलं

विलीनीकरण ज्यासाठी हवं होतं, त्यातलं बरंचसं काम भाऊसाहेबांनी गोव्यातच राहून केलं. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी.

कुळांसाठी महाराष्ट्रासारखा कायदा हवा होता. त्यांच्या सरकारनं १९६४ मध्येच गोव्याचा कूळकायदा केला होता. कुळाला मनमानी बेदखल करण्यावर अन् वाटेल तसा खंड उकळण्यावर त्यानं बंधन आलं. पुढं त्यांच्या कन्येच्या काळात मुंडकारांसाठी कायदा झाला अन् कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याची दुरुस्तीही आली. मराठी शिक्षण हवं होतं, तर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज काळात ज्या वाड्यांवर शाळेचं तोंड दिसत नव्हतं, तिथं पोरं पाटी घेऊन बसायला लागली. आरोग्य केंद्रं निघाली, रस्ते झाले. पणजीत कला अकादमी उभी राहिली. फुटबॉलसाठी त्यांच्या नावानं सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली.

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काही आमदारांनी बंड केलं. सरकार डळमळलं, पण टिकलं. कारभार एकट्याच्या मर्जीवर चालतो, अशी टीका त्यांच्यावर होत असे. खाणमालक अन् मुख्यमंत्री या दोन टोप्या एका डोक्यावर कशा, हाही सवाल विचारला जाई. भाऊसाहेब कुणी संत नव्हते, राजकारणी होते. म्हणूनच त्यांनी निकाल मानला याला किंमत आहे. संतानं हार मानणं सोपं असतं, सत्तेच्या माणसाला ते जड जातं.

१९७२ च्या निवडणुकीत मगोला १८ जागा मिळाल्या. भाऊसाहेब तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. १२ ऑगस्ट १९७३ ला पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. वय ६२. त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. १९७९ पर्यंत मगोचं राज्य चाललं. पणजीला मीरामारच्या किनाऱ्यावर गेलेल्यांनी भाऊसाहेबांची समाधी पाहिली असेल. गर्दी वाळूवर फोटो काढत असते, समाधीपुढं थांबणारे थोडे.

बेळगावकडं पाहिलं की फरक कळतो

त्याच काळात दुसरा एक वाद चालू होता. बेळगाव, निपाणी, कारवारचा. त्यासाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. आयोगानं ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्रानं तो मानला नाही. तिथल्या लोकांना गोव्यासारखं मतदान करून कुणी विचारलं नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

दोन्ही वाद एकाच काळातले, दोन्हींत मराठी माणूस. गोव्यात निकाल महाराष्ट्राच्या विरोधात गेला तरी तो वाद मिटला, कारण लोकांनी स्वतः उत्तर दिलं होतं अन् हरलेल्यानं ते मानलं. बेळगावात उत्तर वरून आलं, म्हणून सीमेवरची जखम अजून ओली आहे. लोकांना विचारलं नसेल तर निकालाला आव्हान देणं समजू शकतं. विचारून, नियम ठरवून, सगळ्यांनी भाग घेऊन लागलेल्या निकालाची गोष्ट वेगळी.

जगातही असंच दिसतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतानं वेगळं व्हावं का यावर १९९५ मध्ये मतदान झालं. ४७ लाखांवर मतं पडली अन् फरक ५४ हजारांच्या आसपास. गोव्याच्या फरकापेक्षा कितीतरी बारीक. वेगळं होऊ पाहणारे हरले, पण क्युबेक आजही कॅनडात आहे. ब्रिटननं २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, ५२ विरुद्ध ४८. पुन्हा मतदान घ्या म्हणून तिथं काही वर्षं ओढाताण झाली, शेवटी जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडलाच.

गावासाठी यातलं काय घ्यायचं?

निकालाला आव्हान देणं म्हणजे पाप नाही. मतपत्रिका चुकीच्या मोजल्या, यादीत मेलेल्यांची नावं चालवली, पैसे वाटले, असा पुरावा हातात असेल तर कायद्यानं वाट दिलेली आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीविरुद्ध निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडं अर्ज करता येतो. ती वाट जरूर धरावी, पण पुरावा घेऊन अन् मुदतीत.

भांडणाची वेळही ओळखायला हवी. नियमांवर भांडायचं तर मतदानाआधी. मोजणीवर भांडायचं तर लगेच अन् पुराव्यानं. पण मोजणी बरोबर आहे अन् तरी निकाल पटत नाही म्हणून पाच वर्षं ग्रामसभा उधळायची, पाणीपुरवठ्याचा ठराव अडवायचा, समोरच्या आळीचा रस्ता होऊ द्यायचा नाही, हे निकालाला आव्हान नव्हे. ते गावाला आव्हान आहे.

जिंकलेल्यालाही यात धडा आहे. दोन पानं जिंकली, पण फुलाला मत देणारे १ लाख ३८ हजार लोक कुठं पळून गेले नव्हते. त्यांच्या शाळा, त्यांची कुळं, त्यांची मराठी, यांचा विचार पुढं करावाच लागला. १९८७ मध्ये गोव्यात कोकणी राजभाषा झाली, तेव्हा त्याच कायद्यात मराठीलाही जागा ठेवावी लागली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा पूर्ण राज्य झाला, देशाचं २५ वं. जो पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हता, तो वीस वर्षांनी मिळाला.

भाऊसाहेबांनी महाराष्ट्रावरचं प्रेम सोडल्याचं कधी दिसलं नाही. पक्षाचं नावही बदललं नाही. ज्या गोव्यानं महाराष्ट्रात यायला नकार दिला, त्याच गोव्यावर नावात महाराष्ट्र असलेल्या पक्षानं त्यानंतर बारा वर्षं राज्य केलं, अन् तेही गोव्याच्या लोकांच्या मतांवर.